ऑक्सिजन भरपूर, तरी चिमणीत सीओ: गॅसवरच्या शटल भट्टीचं परत परत येणारं दुखणं

आधी लक्षणं सांगतो. जुळली तर पुढे वाचा.

भट्टी शटल प्रकारची (माल रुळांवरच्या गाडीवर, म्हणजे ‘कार’वर, रचून आत ढकलायचा आणि भाजल्यावर बाहेर ओढायचा), पीएनजी (नळाने येणारा नैसर्गिक वायू) किंवा एलपीजीवर चालणारी, १२०० ते १३०० अंश सेल्सियसपर्यंत जाणारी. माल सॅनिटरीवेअर असो, इन्सुलेटर असोत की रिफ्रॅक्टरी विटा. कारवरची खालची रांग कच्ची निघते आणि वरची गरजेपेक्षा जास्त भाजते. गॅसचं बिल हळूहळू चढत जातं. चिमणीला अ‍ॅनालायझर (धुरातले वायू मोजणारं यंत्र) लावला की ऑक्सिजन आठ टक्के दिसतो आणि त्याच वेळी सीओ, म्हणजे अर्धवट जळणातून येणारा विषारी कार्बन मोनॉक्साइड, आठशे-नऊशे पीपीएम (दहा लाखांत इतके भाग). बर्नरवाला येतो, हवा आणि गॅस पुन्हा जुळवून देतो, काही फायरिंग बऱ्या जातात, मग परत पहिले पाढे पंचावन्न.

ऑक्सिजन आणि सीओ एकत्र दिसणं हीच इथली खरी खूण आहे. हवा कमी पडली तर सीओ येतो, जास्त झाली तर ऑक्सिजन वाढतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. दोन्ही एकाच वेळी वाढलेले दिसतात तेव्हा भट्टीत हवा पुरेशी असते, फक्त ती ज्योतीपाशी नसते. ती दुसरीकडूनच आत शिरते आणि जळण्याच्या कामी न येता थेट चिमणी गाठते. शटल भट्टीत ही दुसरी वाट बहुतेक वेळा कारच्या खालून असते.

पॅनेलवर प्लस, खाली मायनस

१२०० अंशांवरच्या धुराची घनता घनमीटरला साधारण ०.२३ किलो असते. बाहेरच्या ३५ अंशांच्या हवेची १.१५ किलोच्या आसपास. या फरकामुळे भट्टीच्या आत जसजसं वर जावं तसतसा बाहेरच्या तुलनेत दाब वाढत जातो, दर मीटर उंचीला जवळजवळ ०.९ मिमी पाणी इतका. आतली उंची २ मीटर असेल तर कारचा माथा आणि छत यांच्यात १.८ मिमीचा फरक पडतो.

आता प्रेशरची टॅपिंग (दाब मोजायची नळी लावायचं भोक) कुठे असते ते पाहा. बऱ्याच भट्ट्यांत ती वर, छताजवळ असते, कारण तिथे नळी बसवायला सोपं जातं. पॅनेलवर +१ मिमी दिसतं, ‘भट्टी पॉझिटिव्ह आहे’ अशी नोंद होते आणि ऑपरेटर निश्चिंत होतो. त्याच क्षणी कारच्या पातळीला दाब −०.८ असतो. म्हणजे सँड सील (कारच्या कडेचं पातं वाळूच्या खाचेत बुडवून फट बंद करायची सोय), दरवाजाची खालची कड, दोन कारमधला सांधा, सगळीकडून थंड हवा आत ओढली जात असते.

ही हवा किती, याचा हिशेब करून पाहू. एक मीटर लांब आणि एक सेंटिमीटर रुंद फट धरा. −०.८ मिमीला त्यातून ताशी सुमारे ८० घनमीटर हवा आत येते. ती १२०० अंशांपर्यंत तापवायला लागणारी उष्णता जवळपास साडेतीन घनमीटर पीएनजीएवढी. पण त्या तापमानाला गॅसच्या उष्णतेतला निम्म्याहून जास्त भाग धुराबरोबर निघून जातो, तेव्हा प्रत्यक्षात ताशी आठ घनमीटरच्या आसपास गॅस जास्त जाळावा लागतो. एका फटीसाठी. आणि कारच्या लांबीभर दोन्ही बाजूंना सँड सील असतं.

खालचीच रांग कच्ची का

तापायच्या सुरुवातीला, साधारण सहाशे-सातशे अंशांपर्यंत, मालाला उष्णता मुख्यतः वायूच्या प्रवाहाने मिळते. म्हणूनच हाय व्हेलॉसिटी बर्नर वापरतात. सेकंदाला शंभर मीटर किंवा त्याहून जास्त वेगाने सुटलेला झोत भट्टीतला वायू घुसळतो आणि मालाच्या फटीफटीतून फिरवतो. पुढे सूत्रं विकिरणाच्या हाती जातात, आणि विकिरण केल्विनमधल्या तापमानाच्या चौथ्या घाताने चालतं. १२५० अंशांच्या पृष्ठभागातून निघणारं विकिरण ११५० अंशांच्या पृष्ठभागापेक्षा ३१ टक्के जास्त असतं. वर आणि खाली शंभर अंशांचा फरक पडला की किती बिनसतं, ते यावरून लक्षात येईल.

त्यात गॅसची ज्योत निळसर, काजळी नसलेली. तेलाच्या ज्योतीतल्या तापलेल्या कार्बन कणांसारखी ती स्वतः फारशी प्रकाशत नाही. धुरातून विकिरण करणारे वायू मुख्यतः दोनच, कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ. नायट्रोजन आणि ऑक्सिजन या कामात बिनउपयोगी. नेमक्या हवेत जळलेल्या मिथेनच्या धुरात या दोन वायूंचा वाटा २८ टक्क्यांच्या आसपास असतो. ८० टक्के जास्तीची हवा मिसळली की तो १६-१७ टक्क्यांवर येतो. विकिरण नेमकं त्याच प्रमाणात घटतं असं नाही, तापलेल्या भिंतीही आपला वाटा देतच असतात. पण खालच्या रांगेला दुहेरी फटका बसतो. थंड हवा तिच्यावरूनच वाहते, आणि तिच्याभोवतीचा वायू उष्णता देण्यात कमजोर झालेला असतो.

बर्नर जुळवल्याने आजार का वाढतो

बर्नरवाल्याच्या हातात चिमणीतला आकडा असतो. ऑक्सिजन ८ टक्के म्हणजे जवळजवळ ५५ टक्के हवा जास्त. त्याच्या दृष्टीने निदान झालं. तो बर्नरची हवा कमी करतो. पण बर्नरपाशी जास्तीची हवा नव्हतीच, ती खालून येत होती. आता बर्नर खरोखरच हवेविना अर्धवट जळू लागतो आणि सीओ तयार होतो. बऱ्याच शटल भट्ट्यांत धूर कारच्या पातळीला, खालच्या बाजूने बाहेर जातो. शिरलेली थंड हवा त्याच तोंडाशी असते. सीओ जळायला सातशे अंशांच्या वरचं तापमान, नीट मिसळण आणि थोडा वेळ लागतो. इथे तिन्हीची बोंब. दोघंही शेजारी शेजारी चिमणीत जातात आणि अ‍ॅनालायझर दोघांनाही दाखवतो.

दुसऱ्या बाजूला ऑपरेटर खालची रांग पिकवायला सेटपॉइंट (कंट्रोलरला दिलेलं तापमान) वाढवतो किंवा सोकिंग (त्या तापमानाला धरून ठेवायचा वेळ) लांबवतो. वरची रांग करपते, गॅस जास्त जातो आणि नॉक्सही (नायट्रोजनची प्रदूषक ऑक्साइडं) चढतो. डॅम्परला (चिमणीच्या वाटेवरची झडप) मात्र कुणी हात लावत नाही. तो कमिशनिंगच्या दिवशी जिथे होता तिथेच गंजून बसलेला असतो.

तपासणी कोणत्या क्रमाने

पहिली तपासणी फुकटातली. भट्टी हजार अंशांच्या वर असताना दरवाजाच्या खालच्या कडेशी आणि कारच्या सांध्याशी लांब दांडीला बांधलेली उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला तर निदान तिथेच झालं. गॅसच्या लाइनजवळ हा उद्योग अर्थातच करायचा नाही.

मग कारच्या माथ्याच्या पातळीला दाब मोजा. टॅपिंग नसेल तर पाडून घ्या. काम लहान आहे, आणि त्याच्याशिवाय बाकीचं सगळं अंदाजपंचे.

यानंतर ऑक्सिजन दोन ठिकाणी मोजायचा. सिरॅमिक प्रोबने भट्टीच्या आत, माल आणि बर्नर यांच्यामधल्या मोकळ्या जागेत, आणि मग चिमणीकडे जाणाऱ्या नळीत. आत २ टक्के आणि नळीत ८ टक्के असेल तर (८ − २) ÷ (२०.९ − २), म्हणजे जवळजवळ ०.३२. नळीतल्या वायूचा एक तृतीयांश भाग निव्वळ शिरलेली हवा आहे. या एका भागाकाराने बर्नरवाला आणि मालक यांच्यातले बरेच वाद मिटतात.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. काही भट्ट्यांत चिमणी वाचवण्यासाठी इजेक्टरने किंवा डॅम्परने मुद्दाम थंड हवा मिसळतात. नमुना त्या जागेच्या अलीकडून घ्यायचा. पुढून घेतलात तर ऑक्सिजन सोळा-अठरा टक्के दिसेल आणि त्याला काही अर्थ नसेल. अ‍ॅनालायझरचा शून्य उघड्या हवेत, भट्टीपासून दूर जाऊन लावा. भट्टीशेजारीच उभं राहून शून्य लावणारे महाभाग कमी नाहीत.

दुरुस्तीचा क्रमही तोच. आधी सँड सीलची वाळू भरा आणि कारच्या पात्याची कड वाळूत बुडते का पाहा. दरवाजाचा फायबर रोप बदला, कारमधल्या सांध्यात फायबर दाबून बसवा, अस्तराचे मॉड्यूल (फायबरचे ठोकळे) आकसून पडलेल्या भेगा भरा. मग डॅम्पर सोडवून कारच्या पातळीला +०.२ ते +०.५ मिमी राखा. तेव्हा २ मीटर उंचीच्या भट्टीत छताशी दाब २ मिमीच्या वर जाईल. छताच्या आणि दरवाजाच्या वरच्या फटी बुजवलेल्या नसतील तर ज्योत बाहेर येईल, थर्मोकपलची (तापमान मोजणाऱ्या प्रोबची) डोकी आणि दरवाजाची चौकट भाजून निघेल. म्हणून आधी सील, मग दाब.

बर्नर सगळ्यात शेवटी. प्रत्येक बर्नर हाय फायरला, म्हणजे पूर्ण जोरावर, २-३ टक्के ऑक्सिजनवर आणा.

जपून करायची एक गोष्ट इथेच सांगतो. भट्टीत सीओ भरलेला असताना हवा एकदम वाढवायची नाही. आधी गॅस कमी करायचा, हवा नंतर. भट्टी ७५० अंशांच्या खाली असेल तर गॅस बंद करून ठरलेल्या पद्धतीने पर्जिंग करा (ताजी हवा सोडून आतला वायू बाहेर काढा). शिवाय पॉझिटिव्ह भट्टीतून शेडमध्ये सीओ गळू शकतो. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात आठ तासांसाठी ५० पीपीएमची मर्यादा घातली होती. शंभर-दीडशे पीपीएमला कुणाला काही कळतही नाही, डोकं दुखतं एवढंच. भिंतीवर सीओचा अलार्म हवाच.

भट्टी तापल्यावरच सीओ येत असेल तर

हा वेगळा आजार आहे आणि तो रिक्युपरेटर (धुराच्या उष्णतेने बर्नरची हवा तापवणारं साधन) असलेल्या भट्टीला होतो. सकाळी, थंड हवेवर ज्योत छान असते. रिक्युपरेटर तापला की सीओ चढतो. रेशो रेग्युलेटर हवेचा दाब पाहून गॅस सोडतो. इम्पल्स लाइन (त्याला हवेचा दाब पोचवणारी बारीक नळी) गरम हवेच्या बाजूने घेतलेली असेल तर दाब तोच राहतो, पण ३०० अंशांची हवा विरळ असते. ३५ अंशांच्या तुलनेत त्याच दाबाला वजनाने सुमारे २७ टक्के कमी हवा बर्नरमधून जाते. गॅस मात्र पूर्वीइतकाच. इथे सील कितीही बुजवलीत तरी फरक पडणार नाही. तापमानाची भरपाई करणारी व्यवस्था किंवा हवा-गॅसचं थेट प्रवाहमापनच हवं.

याचंच सौम्य रूप ऋतूबरोबर दिसतं. १० अंशांची हवा ४० अंशांच्या हवेपेक्षा दहा टक्के जड असते. रेशो रेग्युलेटर गॅसही थोडा वाढवतो, त्यामुळे गुणोत्तर पाचेक टक्क्यांनी हलतं. जानेवारीत काठावर जुळवलेला बर्नर मे महिन्यात सीओ देतो तो यामुळे. दरवर्षी उन्हाळ्यात येणारी तक्रार असेल तर आधी हे पाहा. सपाटीवर, गुजरातेत मोरबी-थानगडकडे जुळवलेली भट्टी पुण्याच्या ५६० मीटर उंचीवर आणली की तिथेही हवा सहा-सात टक्के विरळ मिळते.

इंधन बदललं असेल तर नोझल बदलली का, हा प्रश्न लाजू नका, विचारा. त्याच नोझलला त्याच दाबाने पीएनजीऐवजी प्रोपेन सोडला तर उष्णतेचा भार दीडपटीच्या वर जातो. गॅसच्या भावानुसार प्रोपेन आणि पीएनजी यांत ये-जा करणाऱ्या कारखान्यांत हा गोंधळ नेहमीचा.

बर्नरचा नसलेला सीओ

२०० ते ४५० अंशांच्या दरम्यान मालातले बाइंडर आणि सेंद्रिय पदार्थ जळतात. त्या टप्प्यात सीओ आणि वास येणारच. तिथे चढण हळू ठेवा आणि हवा मोकळी सोडा. पोर्सिलेनच्या इन्सुलेटरमध्ये तर लोहाचा रंग बदलावा म्हणून मुद्दाम रिडक्शन देतात (हवा कमी ठेवून भाजतात), तेव्हा भट्टीत सीओ काही टक्क्यांत असतो. तो बर्नरचा दोष नाही. पण तो चिमणीत जायच्या आधी जाळायला हवा. त्या वेळी हातातला अ‍ॅनालायझर लावू नका, सीओचा सेन्सर कामातून जातो. रिडक्शनमधल्या हायड्रोजनमुळेही साधा सीओ सेन्सर चुकीचं, जास्त वाचन देतो.

नॉक्सच्या आकड्यावर भांडण्याआधी

मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने मोरबीतले कोळशाचे गॅसिफायर बंद करायला लावले आणि तिथल्या भट्ट्या गॅसवर गेल्या. डांबर आणि धूळ गेली. त्यावरून अनेकांचा समज झाला की गॅस म्हणजे प्रदूषणाची चिंता मिटली. नॉक्स मात्र इंधनातून येत नाही, हवेतल्या नायट्रोजनपासून बनतो. झेल्डोविचने १९४० च्या दशकात मांडलेली साखळी अशी: तापलेल्या ज्योतीत ऑक्सिजनचा सुटा अणू नायट्रोजनच्या रेणूला फोडतो, आणि तिथून पुढे नायट्रिक ऑक्साइड. या पहिल्या पायरीला प्रचंड ऊर्जा लागते, म्हणून ज्योतीचं तापमान शंभर अंशांनी वाढलं की वेग दुपटीच्याही पुढे जातो. महत्त्व भट्टीच्या सरासरी तापमानाला नाही, ज्योतीतल्या सर्वांत तप्त ठिकाणाला आहे.

म्हणून खालची रांग पिकवायला सेटपॉइंट वाढवणं नॉक्सच्या बाजूनेही महागात पडतं. गळती बुजवली की तेच काम कमी गॅसवर होतं आणि सोकिंगही आखडता येतं. हाय व्हेलॉसिटी बर्नरचा झोत भट्टीतला धूर स्वतःत ओढून घेतो, त्याने ज्योतीचं टोक थंड होतं. मालाची मांडणी बर्नरच्या तोंडाशी इतकी चिकटवू नका की हा धूर परत फिरायला जागाच उरणार नाही. रिक्युपरेटर गॅस वाचवतो, पण गरम हवेने ज्योत जास्त तापते आणि नॉक्स वाढतो. हा सौदा डोळे उघडे ठेवून करायचा.

पीपीएमचा आकडा एकटा कधी मान्य करू नका. १२ टक्के ऑक्सिजनला मोजलेले १२० पीपीएम ३ टक्क्यांवर आणायचे तर १२० × (२०.९ − ३) ÷ (२०.९ − १२), म्हणजे सुमारे २४० होतात. गळक्या भट्टीचा नॉक्स कागदावर सुंदर दिसतो तो यामुळे, आणि सील बुजवल्यावर ‘नॉक्स वाढला’ म्हणून ओरड होते ती पण यामुळेच. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात संदर्भ ऑक्सिजन किती धरलाय ते आधी वाचा. पीपीएमचं मिलिग्रॅममध्ये रूपांतर करताना नॉक्स नायट्रोजन डायऑक्साइड म्हणून धरतात आणि २.०५ ने गुणतात, सीओला १.२५ ने.

फ्लोराइड आणि गंधक हे मातीतून येतात. ते बर्नर जुळवून कमी होत नाहीत, त्यांचा विचार माती आणि चुन्याच्या फिल्टरच्या बाजूने करावा लागतो.

सगळं केलं, तरी अधूनमधून येतंच

दोन ठिकाणं बघायची राहतात. के टाइप थर्मोकपल ८०० ते १०५० अंशांच्या दरम्यान, ऑक्सिजन कमी असलेल्या वातावरणात आतून बिघडतो आणि कमी तापमान दाखवू लागतो. कंट्रोलर बिचारा गॅस वाढवत राहतो. पॅनेलवर विसंबू नका, वरच्या आणि खालच्या रांगेत रिंग (उष्णतेने आकसणारी) किंवा कोन (वाकणारा) ठेवा. माल प्रत्यक्षात किती भाजला ते त्यांनाच कळतं. पॅनेलवरची वक्ररेषा तीच आणि रिंगा मात्र महिन्यागणिक जास्त आकसताहेत, असं दिसलं तर आधी थर्मोकपल बदला.

दुसरं ठिकाण म्हणजे कार. भट्टी एक असली तरी कार अनेक असतात, आणि त्या सारख्या झिजत नाहीत. एखाद्या कारचं पोलाद उष्णतेने वाकतं, पातं वाळूतून वर येतं, आणि ती कार आत गेली की तीच फायरिंग बिघडते. तारखेने पाहिलं तर दुखणं लहरी वाटतं. फायरिंगच्या नोंदवहीत कार क्रमांकाचा रकाना घाला, त्यासमोर कारच्या पातळीचा दाब आणि आतला-बाहेरचा ऑक्सिजन लिहा. पुढच्या खेपेला खालची रांग कच्ची निघाली की बर्नरवाल्याला फोन करायच्या आधी तो रकाना वरून खाली वाचा.